बाळाच्या झोपेत मावणारा व्यवसाय

केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर या चार स्टेशनांच्या आसपास लहान मूल असलेल्या घरांत एक प्रश्न हल्ली वारंवार निघतो. आई सकाळी चार-पाच तास कुठेतरी जाते. शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते, एखाद्या दवाखान्याच्या काउंटरवर बसते, नाहीतर तारापूर एमआयडीसीतल्या लहान युनिटचे हिशेब बघते. घरी सात-आठ महिन्यांचं बाळ आहे. आणि या दोन्हींच्या मधल्या फटीत तिचं स्वतःचं काहीतरी चाललेलं असतं: दुपटी-झबली शिवणं, हलव्याचे दागिने, कापडावर वारली चित्रं, केकच्या ऑर्डरी, पुस्तकांची चित्रं, अनुवाद. हे ‘काहीतरी’ व्यवसाय व्हावं, अशी तिची इच्छा असते. घरच्यांना तो फावल्या वेळातला छंद वाटतो. फावला वेळ तिच्याकडे नसतोच, ही गोष्ट या चर्चेत बहुतेक वेळा सुटते.

कर्ज, प्रशिक्षण, बाजारपेठ, कायदा, पाळणाघर, घरातली माणसं अशा सगळ्या बाजूंनी हा प्रश्न तपासला, तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. सरकारी आणि बिगरसरकारी मदत बरीच आहे, पण ती यंत्र देते, पैसे देते, प्रमाणपत्र देते. बाळाला दुसऱ्या कोणीतरी सांभाळलेले सलग दोन तास देणारी मदत फारशी कुठेच नाही. आणि अडतं नेमकं तिथेच.

वाट जुनीच आहे

घर, मूल आणि हातातली कला यांची सांगड घालणं आजच्या पिढीने शोधलेलं नाही. 15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ उभं राहिलं. तिथली खरी युक्ती कामाच्या मांडणीत आहे. पीठ मळण्याचं काम केंद्रावर होतं. बाई सकाळी गोळा घरी नेते, आपल्या सोयीने लाटते, दुसऱ्या दिवशी वाळलेले पापड वजन करून देते आणि लाटण्याची मजुरी घेते. पिठाची खरेदी, गिऱ्हाईक, वसुली, हिशेब यांतलं काहीच तिच्या डोक्यावर नसतं. मूल रडलं की लाटणं थांबवायचं, निजलं की पुन्हा बसायचं. घरात मूल असताना हे काम चालतं, याचं श्रेय संस्थेने उरलेलं ओझं उचलण्याला आहे. आज एकटीने इन्स्टाग्रामवर व्यवसाय मांडणारी मुलगी लाटणाऱ्या बाईचं कामही करते आणि अख्ख्या केंद्राचंही.

दुसरं उदाहरण आपल्याच पालघर जिल्ह्यातलं. वारली चित्रं मुळात बायकांची. लग्नघरात गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा, त्यात पालघट देवी बसवायची, हा मान सवाशिणींचा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी यांच्यासारख्या कलावंतांमुळे ही चित्रं भिंतीवरून कागदावर आली आणि त्यांना मोल मिळू लागलं. त्यानंतर सर्वांत गाजलेलं नाव झालं डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांचं. 1976 साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 2011 साली पद्मश्री. 2018 साली ते गेले. 2014 मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळालं. म्हसे यांची प्रतिभा वादातीत आहे. तरीही एक प्रश्न उरतोच: बायकांच्या हातची कला बाजारात गेल्यावर पुढे आलेली मोठी नावं पुरुषांची का? माझं उत्तर असं आहे. भिंतीवरचा चौक हा घरातल्या कार्याचा भाग होता, तो चार जणी मिळून लिहायच्या आणि मुलं अंगणात असायची. कागदावरचं चित्र सलग दिवस मागतं. शिवाय मुंबई-दिल्लीचे प्रवास, प्रदर्शनाची तारीख, गिऱ्हाइकाशी बोलणी हे सगळं आलंच. कडेवर मूल असलेल्या बाईला ते जमवून देणारी व्यवस्था तेव्हा नव्हती. आजही फारशी नाही.

कोणतं काम मावतं, कोणतं नाही

कुठला व्यवसाय करू, असं विचारलं की लोक मागणी, भांडवल आणि नफा यांबद्दल बोलतात. बाळ वर्षाच्या आतलं असेल तर याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: हातातलं काम आहे तिथे सोडून उठता येतं का?

या कसोटीवर शिवणकाम, क्रोशा आणि गोधडी वरच्या पायरीवर येतात. बाळंतविड्याला आपल्याकडे मागणी कायम असते. झबलं, टोपडं, कुंची, दुपटं, लंगोट, पायमोजे असा संच बारशाला किंवा डोहाळजेवणानंतर लगेच लागतो. जुन्या सुती साडीची मऊ गोधडी विकतच्या ब्लँकेटपेक्षा हवीशी वाटणाऱ्या आज्या अजून आहेत आणि आता नातीही आहेत. धावदोरा अर्ध्यावर सोडला तरी बिघडत नाही. मात्र बाळ रांगू लागलं की सुया मोजून ठेवाव्या लागतात, टाचण्या घरातून हद्दपारच कराव्या लागतात. शिलाई मशीनची अडचण निराळी. नवरा बोईसरला नाइट पाळी करून आलेला असेल तर तो दिवसा झोपतो, बाळही झोपतं. म्हणजे मोकळा वेळ असतो तेव्हाच मशीन बंद ठेवावं लागतं. हातशिलाईचं काम अशा घरात जास्त उरकतं.

हलव्याचे दागिने याच्या अगदी उलट टोकाला. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बोरन्हाणं आणि नव्या सुनांचे सण असतात. त्यामुळे मुकुट, बासरी, बाजूबंद, कंबरपट्टा, मंगळसूत्र यांच्या ऑर्डरी डिसेंबरपासूनच येतात. पण हलवा करणं हे थांबायचं काम नाही. परातीत तीळ किंवा साबुदाणा, खाली मंद आच, चमच्याने थोडा थोडा पाक सोडायचा आणि बोटांनी सारखं हलवत राहायचं. हात थांबला की दाणे एकमेकांना चिकटतात आणि काटा येत नाही. त्यात गरम पाक असल्याने बाळाला जवळ ठेवण्याचा प्रश्नच नाही. दमट हवेत काटा नीट येत नाही, आलेला टिकत नाही. केळव्यासारख्या समुद्रकाठच्या गावात तर डबा हवाबंदच हवा. म्हणून शहाणपण कामाची वाटणी करण्यात आहे. तयार हलवा बाहेरून घ्यायचा आणि दागिने गुंफण्याचं काम घरी करायचं. दोऱ्यात दाणे ओवणं मधेच सोडता येतं, पाक सोडता येत नाही.

खाण्याच्या वस्तूंचंही असंच. डिंकाचे, अळिवाचे लाडू सवडीने वळता येतात. केकची वेळ ठरलेली असते; संध्याकाळी सहाचा वाढदिवस बाळाला ताप आला म्हणून पुढे जात नाही. रेझिनच्या वस्तूंची सध्या चलती आहे, पण त्या रसायनाचा वास आणि वाफ बाळाच्या खोलीत नकोच. अनुवाद, मुद्रितशोधन, चित्रं, आवाज देणं या कामांना जागा कमी लागते आणि येणारे पैसे बरे असतात. पण त्यांना सलग डोकं लागतं. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांत अनुवाद होतो, चांगला अनुवाद होत नाही. आवाजाच्या कामाला तर शांतता लागते, आणि ती पाळण्याच्या घरात भाड्यानेही मिळत नाही.

केळव्याची आणखी एक खासियत म्हणजे शनिवार-रविवारचे पाहुणे. समुद्र, सुरूचं बन, शितळादेवीचं मंदिर यांच्या ओढीने मुंबईकर येतात, राहतात, जेवतात. त्यांना विकायच्या वस्तू आणि घरगुती जेवण हा उघड धंदा आहे. पण तो सुट्टीच्या दिवशीच असतो आणि पावसाळ्यात मंदावतो. सुट्टीच्या दिवशी बाळाचा बाबा घरी असेल तर हेच पथ्यावर पडतं. त्या दिवशीही तो कामावर असेल तर दोन्हीकडे ओढाताण.

अर्धवेळ नोकरी सोडावी का

‘आता घरूनच करते, नोकरी कशाला?’ हा विचार बाळंतपणानंतर हमखास येतो. घाईने निर्णय घेण्याआधी नोकरी काय देते ते पाहावं.

मातृत्व लाभाचा 1961 चा कायदा 2017 साली सुधारला आणि पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली. नोव्हेंबर 2025 पासून या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत. मागच्या 12 महिन्यांत किमान 80 दिवस काम झालेलं असावं ही मुख्य अट. ‘आम्ही कायम नाही, आम्हाला कसलं काय’ असं रोजंदारीवरच्या बायका गृहीत धरतात. पण दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरच्या कामगार स्त्रियांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालीच त्यांचा मातृत्व लाभाचा हक्क मान्य केला आहे. कामावर परतल्यावर मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा स्तनपानासाठी वेळ मिळण्याची तरतूदही आहे.

कारखान्यात ईएसआय लागू असेल तर महिना 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगार स्त्रीला 26 आठवड्यांचा लाभ ईएसआयकडून मिळतो, मालकाच्या मर्जीवर राहावं लागत नाही. तिच्या वेतनातून कापले जातात 0.75 टक्के, मालक भरतो 3.25 टक्के. पगारपत्रकात ही कपात दिसते का, हे गरोदरपणाच्या आधीच बघून ठेवावं. रजेच्या काळात दुसरीकडे नोकरी केली तर लाभ जातो. स्वतःच्या ऑर्डरीही त्या काळात जपूनच घ्याव्यात.

स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या बाईला यातलं काहीही नाही. तिला मिळू शकते ती प्रधानमंत्री मातृवंदना योजना: पात्र कुटुंबात पहिल्या बाळासाठी 5,000 रुपये, दुसरी मुलगी झाली तर 6,000. ही रक्कम उपयोगाची आहे, पण सहा महिन्यांच्या पगारी रजेची जागा ती घेऊ शकत नाही. देशातल्या काम करणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे दोन-तृतीयांश सरकारी पाहणीत ‘स्वयंरोजगारी’ गणल्या जातात. त्यांतल्या कितीतरी घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी हातभार लावणाऱ्या असतात. या शब्दाने हुरळून जाऊ नये, एवढ्यासाठी हे सांगितलं.

म्हणून पहिल्या दीड-दोन वर्षांत अर्धवेळ नोकरी टिकवणं शहाणपणाचं, असं माझं मत आहे. नोकरीचे पाच-सात हजार कमी वाटतात. पण त्या पैशांच्या जोरावर पडेल भावाची ऑर्डर नाकारता येते. नोकरीच नसली की मिळेल ती ऑर्डर घ्यावी लागते, आणि मग कला राहते बाजूला.

किमतीचं गणित

या व्यवसायांचं सर्वांत मोठं नुकसान तोट्याने होत नाही, स्वतःची मजुरी न धरण्याने होतं. समजा, बाळाच्या गोधडीला कापड, अस्तर आणि दोरा मिळून 450 रुपये लागले, बांधणी आणि कुरिअरला 60. हाताने टाके घालायला 14 तास गेले. तासाला 60 रुपये धरले तर मजुरी होते 840, आणि गोधडीची किंमत 1,350 रुपये. गिऱ्हाईक म्हणतं, ‘मशीनची तर 800 ला मिळते’, आणि ओळखीची म्हणून ती 800 ला दिली जाते. खर्च वजा जाता उरले 290 रुपये. म्हणजे तासाला जेमतेम 20 रुपये. बाळाच्या झोपेचे, आणि खरंतर तिच्याही झोपेचे, 14 तास गेले ते वेगळेच.

उपाय दोन. लहान वस्तू करायच्या, म्हणजे टोपडं, कुंची, नाव विणलेलं दुपटं. यांत मजुरीचे तास कमी आणि कौतुक तितकंच. मोठ्या वस्तू मात्र आधी अर्धे पैसे घेऊन आणि लांबची तारीख देऊनच स्वीकारायच्या. ‘बाळ लहान आहे, आठ दिवस इकडेतिकडे होतील’ हे ऑर्डर घेतानाच सांगितलं तर बहुतेक गिऱ्हाइकं समजून घेतात. आयत्या वेळी सांगितलं तर कोणीच घेत नाही.

कागदपत्रं आणि कर्ज

हा भाग समजायला सोपा आहे, म्हणून थोडक्यात. ‘उद्यम’ नोंदणी आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते, फुकट होते. त्यासाठी पैसे मागणाऱ्या एजंटाची गरज नाही. खाण्याचे पदार्थ विकायचे तर अन्न सुरक्षेची प्राथमिक नोंदणी हवी, तिचं शुल्क वर्षाला 100 रुपये. मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात 50,000 रुपयांपर्यंत कर्ज मिळतं. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 पारंपरिक व्यवसाय आहेत. शिवणकाम, बाहुल्या-खेळणी, टोपल्या-चटया, हार करणं हे त्यांत येतं. प्रशिक्षणाच्या दिवसांचा 500 रुपये रोज, अवजारांसाठी 15,000 रुपये आणि पुढे 5 टक्के व्याजाने कर्ज मिळतं. पण प्रशिक्षण केंद्रावर दिवसभर बसावं लागतं. आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन ते कसं करायचं, हे कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं.

गावातला ‘उमेद’चा किंवा महिला आर्थिक विकास महामंडळाचा (माविम) बचतगट इथे कर्जापेक्षा अधिक कामाचा आहे. मुंबईतल्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात एकटी लेकुरवाळी बाई सगळे दिवस स्टॉलवर उभी राहू शकत नाही. गटातल्या चौघी आळीपाळीने गेल्या तर तिचा माल तिच्याशिवाय विकला जातो.

बाळ कोण बघणार

सगळा आढावा शेवटी या प्रश्नावर येऊन थांबतो. गंमत अशी की याचं उत्तर याच जिल्ह्यात सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी शोधलं गेलं होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. शाळा मुलांपर्यंत नेणारी ‘अंगणवाडी’ इथेच आकाराला आली. 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पाड्यांत मोठ्या मुली शाळेत येत नाहीत, कारण आई कामावर गेल्यावर धाकटं भावंड त्यांना सांभाळावं लागतं, हे त्यांनी पाहिलं. मग विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. मोठी मुलगी वर्गात, तान्हं पाळण्यात, आई कामावर. तान्ह्याची सोय लावल्याशिवाय पुढची कुठलीच योजना चालत नाही, हे त्या दोघींना नेमकं कळलं होतं.

1975 पासून अंगणवाडी हळूहळू देशभर गेली, पण तिच्यातलं पाळणाघर गळलं. आजच्या अंगणवाडीत तीन वर्षांवरची मुलं बसतात. त्याखालच्यांना पोषण आहार घरी मिळतो, सांभाळ मिळत नाही. म्हणजे सहा महिने ते तीन वर्षं हा सर्वांत अवघड काळ मोकळाच राहतो. 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असावी, असं कायदा 2017 पासून सांगतो. तारापूरसारख्या औद्योगिक वसाहतीत कितीतरी युनिटं त्यापेक्षा लहान असतात, ती सुटतात. आणि केळव्यात घरी बसून दुपटी शिवणाऱ्या बाईला तर आस्थापनाच नाही. केंद्राच्या ‘मिशन शक्ती’मधली 2022 ची ‘पाळणा’ योजना या फटीवरच बेतलेली आहे. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं, दिवसाला साडेसात तास. योजना कागदावर आहे. ती गावात यावी म्हणून मागणी करावी लागते.

घरातली माणसं हे दुसरं उत्तर, आणि ते गृहीत धरलं जातं. सासूबाई आहेत, आई जवळच माहीमला आहे, मग काय अडचण? साठीच्या बाईकडून नव्या बाळामागे धावायची अपेक्षा किती दिवस करायची, हा एक भाग. बाबांचा भाग त्याहून मोठा. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवत होत्या, पुरुष 97 मिनिटं. आणि मुळात असं काम करणारे पुरुषच थोडे. 2023 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकेतल्या आकड्यांवरून दाखवलं की स्त्री-पुरुषांच्या कमाईतली मोठी दरी पहिल्या मुलानंतर पडते, कारण कधीही हजर राहणाऱ्यालाच बाजार जास्त पैसे देतो. बोस्टन असो की बोईसर, संक्रांतीच्या आदल्या रात्री ऑर्डर पुरी करायला बसायचं तर बाळाला दुसऱ्या कोणीतरी घ्यावंच लागतं.

काय करता येईल

घराघरांत करण्यासारखी एक गोष्ट आहे. आईच्या कामाचे रोजचे दोन तास ठरवून टाकावेत आणि तेवढ्या वेळात बाळ पूर्णपणे बाबांचं किंवा आजीचं. ‘जरा भूक लागली वाटतं, घेतेस का?’ हा प्रश्न त्या दोन तासांत निघता कामा नये. पाळी बदलली तर तासही बदलावेत, पण रद्द होऊ नयेत. शेजारच्या तीन-चार लेकुरवाळ्या एकत्र आल्या तर आठवड्यातला एकेक दिवस एकीने सगळ्यांची मुलं बघायची आणि बाकीच्यांनी काम करायचं, हेही होऊ शकतं.

गावाने करण्यासारखी गोष्ट त्याहून मोठी आहे. समुद्रकिनाऱ्याचं सुशोभीकरण, बाजाराची शेड, पर्यटकांसाठी पार्किंग हे विषय ग्रामसभेत निघतातच. येत्या ग्रामसभेत अंगणवाडीला जोडून पाळणाघर हवं, असा ठराव मांडा. बचतगटांनी त्याला अनुमोदन द्यावं आणि तो तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे लेखी पाठवावा. बायकांच्या स्वयंरोजगारासाठी आणखी एक शिलाई मशीन वाटप ठेवण्यापेक्षा हा ठराव जास्त उपयोगी पडेल.